आयपी पत्त्यावरून लोकल वेब सर्व्हर उघडत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातून एकच अडचण वेगवेगळ्या शब्दांत विचारली जाते. ज्या कॉम्प्युटरवर सर्व्हर (वेब पानं पुरवणारा प्रोग्रॅम) बसवलाय तिथं पान उघडतं, पण शेजारच्या टेबलावरून किंवा मोबाइलवरून उघडत नाही. विचारणाऱ्यांत गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची सांभाळणारे असतात, शाळेच्या संगणक खोलीतले शिक्षक असतात, उद्यमबाग-मच्छेच्या वर्कशॉपमध्ये जॉबकार्डं कॉम्प्युटरवर घेणारे असतात आणि व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) प्रोजेक्ट सबमिशन तोंडावर आलेले विद्यार्थीही असतात. ही सोय टिकावी असं मनापासून वाटतं. रस्त्याच्या खोदाईत केबल तुटून इंटरनेट गेलं तरी आपल्या खोलीतला सर्व्हर चालू राहतो, आणि त्यासाठी दरमहा कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत.

सगळ्या उत्तरांत उदाहरण एकच धरलंय: सर्व्हर १९२.१६८.१.१०, राउटर १९२.१६८.१.१, पोर्ट ८०८०. पहिले दोन आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर त्या यंत्राला मिळालेले क्रमांक. पोर्ट म्हणजे काय ते प्रश्न ३ मध्ये आहे. इथे आकडे आणि कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना दोन्ही इंग्रजीत करा. ते का, हे प्रश्न ९ मध्ये आहे.

१. लोकलहोस्ट टाकलं की पान येतं, आयपी टाकला की येत नाही. दोन्ही एकच कॉम्प्युटर ना?

कॉम्प्युटर एकच, पण वाटा दोन. लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१. हा पत्ता कॉम्प्युटरच्या बाहेर कधीच पडत नाही. १९२.१६८.१.१० हा त्याच कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता. सर्व्हर प्रोग्रॅम सुरू होताना यांपैकी कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते ठरवतो. तो फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असेल, तर बाहेरून कितीही हाका मारा, उत्तर येणार नाही.

फ्लास्क, जँगोचा रनसर्व्हर आणि व्हीट ही वेबसाइट बनवताना वापरायची तिन्ही साधनं मुद्दाम अशीच सुरू होतात, कारण अर्धवट काम बाहेर दिसू नये. फ्लास्कला होस्ट म्हणून ०.०.०.० द्या, जँगोला 'रनसर्व्हर ०.०.०.०:८०००' असं सांगा, व्हीटला '--होस्ट' जोडा. अपाची (झॅम्प आणि वॅम्प या पॅकेजांतला वेब सर्व्हर) आणि पायथॉनचा साधा एचटीटीपी सर्व्हर सहसा आधीपासूनच सगळ्या पत्त्यांवर ऐकतात.

खात्री करायची असेल तर विंडोजवर 'नेटस्टॅट -एएनओ', लिनक्सवर 'एसएस -एलटीएन' चालवा आणि आपल्या पोर्टची ओळ शोधा. तिथं १२७.०.०.१:८०८० दिसलं तर आजार सापडला. ०.०.०.०:८०८० दिसलं तर सर्व्हर बाहेरचंही ऐकतोय, अडचण पुढे कुठेतरी आहे. मात्र ०.०.०.० हा पत्ता मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाकू नका. तो फक्त सर्व्हरला 'सगळीकडून ऐक' असं सांगण्यासाठी आहे.

२. माझा आयपी कुठं बघायचा? गुगलवर विचारलं तर वेगळाच आकडा दाखवतं.

गुगलला दिसतो तो बाहेरच्या जगातला पत्ता, तुमच्या इंटरनेट जोडणीचा. आपल्याला हवा तो आतला. १९९६ पासून आतल्या वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवलेत: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. तुमचा पत्ता यांतलाच असणार.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग', लिनक्सवर 'आयपी अ‍ॅड्र'. गोंधळ होतो तो इथे, कारण एकाच लॅपटॉपवर चार-पाच पत्ते दिसतात. व्हर्च्युअलबॉक्सचा (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) १९२.१६८.५६.१ असतो, डब्ल्यूएसएलचा (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीचा) १७२ ने सुरू होणारा असतो. ज्याच्या खाली 'डिफॉल्ट गेटवे' भरलेलं आहे तो पत्ता घ्या, बाकीचे सोडा.

१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, कॉम्प्युटरने स्वतःच काहीतरी लावून घेतलाय. आधी केबल आणि वायफाय बघा. सर्व्हरला हात लावायची वेळ अजून आलेली नाही.

३. पोर्ट लिहायलाच हवा का?

तहसीलदार कचेरीचा पत्ता सापडला तरी उताऱ्याची खिडकी कुठली ते कळायला लागतं, तसा आयपी हा कचेरीचा पत्ता आणि पोर्ट ही खिडकी. एचटीटीपीसाठी ८० आणि एचटीटीपीएससाठी ४४३ या खिडक्या ब्राउझर गृहीत धरतो. बाकी कुठलीही असेल तर अपूर्णविराम देऊन लिहावी लागते: १९२.१६८.१.१०:८०८०. लोकलहोस्टला पोर्ट लावायचा आणि आयपीला विसरायचा, हे फार वेळा होतं.

४. नेमकं अडलंय कुठं, हे कसं ओळखायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. लोक एकदम सगळं बदलतात: फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या विनंत्या अडवणारा पहारेकरी) बंद, राउटर रिसेट, सर्व्हर नव्याने इन्स्टॉल. मग चाललं तरी कशामुळे चाललं ते कळत नाही. त्याऐवजी आतून बाहेर, एकेक पायरी जा.

आधी सर्व्हरच्याच कॉम्प्युटरवर लोकलहोस्ट उघडा. इथेच उघडत नसेल तर सर्व्हर सुरूच नाही, नेटवर्कचा संबंध नाही.

मग त्याच कॉम्प्युटरवर १९२.१६८.१.१०:८०८० उघडा. लोकलहोस्ट चालतं आणि हे चालत नाही, तर प्रश्न १ किंवा २. हे चाललं तर सर्व्हर ठीक आहे. पण फायरवॉलची परीक्षा अजून झालेली नाही, कारण स्वतःच्याच पत्त्यावर केलेली विनंती बाहेर जाऊन येत नाही.

तिसरी पायरी, त्याच राउटरला केबलने जोडलेला दुसरा कॉम्प्युटर. इथं अडलं तर बहुधा फायरवॉल, म्हणजे प्रश्न ६. इथं चाललं आणि वायफायवर अडलं तर प्रश्न ८ आणि १०.

आता ब्राउझर काय म्हणतो तेही नीट वाचा, 'एरर येतोय' एवढ्यावर सोडू नका. 'रिफ्यूज्ड टू कनेक्ट' म्हणजे त्या पत्त्यावर कुणीतरी आहे आणि त्याने लगेच नाही म्हटलं: पोर्ट चुकला किंवा सर्व्हर बंद. 'टूक टू लाँग टू रिस्पाँड' म्हणजे विनंती वाटेतच गिळली गेली: फायरवॉल, चुकीचा पत्ता किंवा वेगळं नेटवर्क. 'अनरीचेबल' म्हणजे तिकडं जायला वाटच नाही. एक बारकावा लक्षात ठेवा. विंडोजचा फायरवॉल बंद पोर्टावर आलेल्या विनंतीलाही उत्तर देत नाही, गप्प बसतो. त्यामुळे सर्व्हर विंडोजवर असेल तर 'टूक टू लाँग' वरून लगेच फायरवॉलला दोष देऊ नका. आधीच्या दोन पायऱ्या म्हणूनच सोडायच्या नाहीत.

४०३, ४०४, ४०० असा आकडा दिसला तर आनंद माना. विनंती पोचली, सर्व्हरने वाचली आणि नकार दिला. नेटवर्क निर्दोष, पुढचं प्रश्न १३ मध्ये.

शेवटचा आणि सगळ्यांत खात्रीचा साक्षीदार म्हणजे सर्व्हरची नोंदवही. झॅम्पमध्ये अपाचीच्या 'लॉग्ज' फोल्डरात 'अ‍ॅक्सेस' नावाची फाइल असते, फ्लास्क-जँगो तीच नोंद काळ्या खिडकीत दाखवतात. ती समोर उघडी ठेवून मोबाइलवर पान रिफ्रेश करा. मोबाइलच्या आयपीची नवी ओळ उमटली तर विनंती पोचलीय आणि दोष सर्व्हरच्या आत आहे. उमटली नाही तर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बोटं घालण्यात अर्थ नाही. अर्धी शोधाशोध या एका ओळीने वाचते.

५. पिंग जात नाही, म्हणजे नेटवर्कच नाही ना?

तसं नाही. पिंग म्हणजे त्या कॉम्प्युटरला 'आहेस का' अशी मारलेली नुसती हाक. विंडोज बऱ्याचदा पिंगला उत्तर देत नाही आणि तरी वेब सर्व्हर मस्त चालू असतो. उलटही होतं. पिंगला उत्तर येतं आणि पान उघडत नाही, कारण पिंगला पोर्ट नसतो आणि त्यामुळे खिडकी उघडी आहे की नाही हे ते सांगू शकत नाही. उत्तर आलं तर तो कॉम्प्युटर आहे एवढं नक्की. नाही आलं तर त्यावरून काहीच ठरवू नका. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.१० -पोर्ट ८०८०' हे नेमक्या पोर्टाबद्दल विचारतं, ते वापरा.

६. फायरवॉल बंद केला की लगेच चालतं. मग बंदच ठेवू?

नाही. बंद करून बघणं ही तपासणी झाली, उपाय झाला नाही. वाचनालयाच्या वायफायवर रोज नवे मोबाइल येतात. त्यांच्यासमोर कॉम्प्युटर उघडा टाकणं योग्य नाही. फायरवॉल चालू करा आणि फक्त आपल्या पोर्टाला वाट द्या: विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये 'इनबाउंड रूल्स', तिथं नवा नियम, प्रकार पोर्ट, टीसीपी, ८०८०, परवानगी, आणि फक्त 'प्रायव्हेट' नेटवर्कसाठी.

मग वायफायच्या गुणधर्मांत जाऊन ते नेटवर्क 'प्रायव्हेट' केलंय का पाहा. विंडोज नवं नेटवर्क सहसा 'पब्लिक' धरतं, आणि मग वरचा नियम लागूच होत नाही. राउटर बदलल्यावर 'कालपर्यंत चालत होतं' अशी तक्रार येते, त्यामागे अनेकदा हेच असतं.

नियम केला, नेटवर्क प्रायव्हेट केलं, तरी अडतंय? मग इनबाउंड नियमांच्या यादीत अपाची, पायथॉन किंवा नोड या नावांपुढे लाल खूण आहे का बघा. सर्व्हर पहिल्यांदा सुरू केला तेव्हा विंडोजने परवानगी विचारलेली असते. घाईत कुणी 'कॅन्सल' दाबलं की विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी बंदीचा नियम करून ठेवतं, आणि बंदी व परवानगी दोन्ही असतील तर बंदी जिंकते. तो लाल नियम काढा. अँटिव्हायरसचा स्वतःचा वेगळा फायरवॉल असेल तर तिथंही पोर्ट उघडावा लागतो. लिनक्सवर 'यूएफडब्ल्यू' किंवा 'फायरवॉलडी' बघा.

७. लाइट जाऊन आली की सर्व्हरचा पत्ता बदलतो. पावसाळ्यात रोजची कटकट.

खानापूर-जांबोटीकडून जून ते सप्टेंबर हा प्रश्न हमखास येतो. राउटर पत्ते मुदतीवर वाटतो. लाइट गेली की अनेक राउटर कुणाला काय दिलं होतं ते विसरतात, आणि परत सुरू झाल्यावर जो आधी मागेल त्याला पत्ता देतात. मोबाइल लवकर जोडला जातो, कॉम्प्युटर सावकाश उठतो, आणि .१० दुसऱ्याकडे जातो.

पक्का उपाय राउटरमध्येच आहे. १९२.१६८.१.१ उघडा, डीएचसीपीच्या (पत्ते वाटण्याच्या) पानावर 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' शोधा, सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (त्या कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि १९२.१६८.१.१० ही जोडी भरा. कॉम्प्युटरवरच पत्ता कायम लावायचा असेल तर राउटर वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा घ्या. तो १०० ते २०० वाटत असेल तर १० चालेल. पट्ट्याच्या आतला घेतला तर प्रश्न १५ मधली डोकेदुखी ठरलेली. वायफायवरच्या लॅपटॉपला आरक्षण देत असाल तर त्याचा 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस' हा पर्याय बंद हवा, नाहीतर मॅकच बदलतो.

दोन गोष्टी जोडून सांगायला हव्यात. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर घेतला आणि राउटर तसाच ठेवला, तर लाइट गेल्यावर सर्व्हर चालू आणि वाट बंद अशी गत होते. राउटरला फार कमी वीज लागते, तोही घ्या. आणि सर्व्हर म्हणून जुना लॅपटॉप वापरत असाल तर पॉवर सेटिंगमध्ये झोपणं बंद करा. झाकण मिटलं की 'टूक टू लाँग' आलंच.

८. लॅपटॉपवर उघडतं, मोबाइलवर उघडत नाही.

मोबाइल डेटा बंद करून बघा. वायफायला इंटरनेट नसेल तर अँड्रॉइड गुपचूप मोबाइल डेटावर जातो. वायफायची खूण दिसत राहते, पण विनंती टॉवरकडे जाते, आणि टॉवरला तुमचा १९२.१६८.१.१० कुठून माहीत असणार? वाचनालयात मुद्दाम इंटरनेट नसलेला राउटर ठेवला असेल तर हे होणारच. 'इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवू का' असं फोन विचारतो, तेव्हा हो म्हणा.

त्यानंतर बघा मोबाइल 'गेस्ट' वायफायवर आहे का. पाहुण्यांचं वायफाय इंटरनेट देतं, आतले कॉम्प्युटर दाखवत नाही. काही राउटरवर मुख्य वायफायलाही 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' (वायफायवरच्यांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) लावलेलं असतं, ते काढा. कॉलेज हॉस्टेलच्या वायफायवर ते तुमच्या हातात नसतं. तिथं प्रोजेक्ट दाखवायचं तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप आणि दुसरा फोन दोन्ही त्यावर घ्या, आणि लॅपटॉपचा नवा आयपी परत बघा, तो बदललेला असतो.

फोनवर व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करा.

९. पत्ता बरोबर टाकलाय, तरी मोबाइल गुगल सर्चच उघडतो.

मराठी कीबोर्ड बघा. पत्त्याच्या पट्टीत '१९२' असे देवनागरी आकडे गेले तर ब्राउझरसाठी तो आयपी पत्ता नसतोच, ती नुसती अक्षरं असतात. कन्नड कीबोर्डाच्या आकड्यांचंही तेच. आपल्याकडे एका फोनवर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही कीबोर्ड असतात आणि शेवटचा वापरलेला पुढे येतो, म्हणून हे इतकं घडतं. इंग्रजी कीबोर्डवर या आणि सुरुवातीला एचटीटीपी, अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा हे पूर्ण टाइप करा, म्हणजे ब्राउझर शोधायला जाणार नाही. सगळ्यांत सोपं म्हणजे पूर्ण पत्त्याचा क्यूआर कोड छापून टेबलावर चिकटवा. वाचकांना टाइपच करावं लागत नाही.

आणखी एक चकवा: नीटनेटकं दिसावं म्हणून कुणी १९२.१६८.००१.०१० असं लिहितं. शून्याने सुरू होणारा भाग ब्राउझर आठाच्या पायातला आकडा समजतो, आणि आठाच्या पायात ०१० म्हणजे ८. तुम्ही .१० ला हाक मारता आणि विनंती .८ कडे जाते. पुढे शून्य लावू नका.

१०. आतल्या खोलीत रेंज नव्हती म्हणून दुसरा राउटर लावला. आता काही ठिकाणी उघडतं, काही ठिकाणी नाही.

जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरांत दुसरा राउटर लागतोच. पण त्याच्या 'वॅन' (इंटरनेटच्या बाजूच्या) भोकात केबल घातली की तो स्वतःचं वेगळं नेटवर्क सुरू करतो, समजा १९२.१६८.०. मग वाट एकेरी होते. सर्व्हर पहिल्या राउटरवर असेल तर दुसऱ्याच्या मागचे मोबाइल सहसा त्याच्यापर्यंत पोचतात. सर्व्हर दुसऱ्याच्या मागे असेल तर पहिल्यावरच्यांना तो दिसत नाही. आणि दोन्ही राउटर १९२.१६८.१ हाच पट्टा वापरत असतील तर कुणालाच धड काही सापडत नाही.

दुसऱ्या राउटरला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाका. तो पर्याय नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल 'वॅन'ऐवजी 'लॅन' भोकात घाला. एवढं केलं की सगळं घर एका नेटवर्कवर येतं.

११. 'नॉट सिक्युअर' दाखवतंय. धोका आहे का?

खोलीतल्या पुस्तकसूचीसाठी नाही. मजकूर वाटेत झाकलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पासवर्ड किंवा पतसंस्थेच्या खात्यांचे आकडे जात असतील तर मात्र एचटीटीपीएस लावा. पान उघडतच नसेल तर पत्त्यात आपोआप 'एस' लागलाय का बघा. ब्राउझर आधी सुरक्षित वाट चाचपतात, आणि तुमचा सर्व्हर ४४३ वर ऐकत नसतो.

१२. बारकोड स्कॅन करायला कॅमेरा लागतो. लोकलहोस्टवर कॅमेरा चालतो, आयपीवरून परवानगीसुद्धा विचारत नाही.

हा बिघाड नाही, ब्राउझरचा नियम आहे. कॅमेरा, माइक आणि लोकेशन फक्त सुरक्षित पानाला मिळतं. लोकलहोस्टला त्यातून सूट आहे, १९२.१६८.१.१० ला नाही. म्हणून आयपीवरून एचटीटीपीएस लागतंच. खासगी पत्त्याला बाहेरच्या संस्था सर्टिफिकेट देत नाहीत, ते स्वतःच करावं लागतं. 'एमकेसर्ट' नावाचं मोफत साधन ते काम करतं, पण त्याचं मूळ सर्टिफिकेट स्कॅन करणाऱ्या प्रत्येक फोनवर बसवायला हवं. फोन एकदोनच असतील तर ठीक. जास्त असतील तर यूएसबीचा बारकोड स्कॅनर घ्या. तो कीबोर्डसारखाच आकडे टाइप करतो, त्याला यातलं काही लागत नाही.

१३. सर्व्हर सापडतोय, पण ४०३ किंवा ४०० येतो, नाहीतर मोबाइल परत लोकलहोस्टवरच जातो.

४०३ बहुधा अपाचीचा. त्या फोल्डरासाठी 'रिक्वायर लोकल' लिहिलेलं असतं, वॅम्पमध्ये तर सुरुवातीपासून. आपल्या साइटच्या भागापुरतं 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' करा आणि अपाची परत सुरू करा. पीएचपीमायअ‍ॅडमिनलाही अशीच बंदी असते, तिला हात लावू नका. डेटाबेसची किल्ली सगळ्या वायफायला द्यायची नसते.

४०० जँगोचा असतो. सेटिंग्जमधल्या 'अलाउड होस्ट्स' यादीत १९२.१६८.१.१० घाला.

मोबाइल लोकलहोस्टवर उडी मारतो तो वर्डप्रेसमुळे. इन्स्टॉल करताना असलेला पत्ता वर्डप्रेस डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं आणि येईल त्याला तिकडं पाठवतं. मोबाइलसाठी लोकलहोस्ट म्हणजे मोबाइलच, तिथं काय सापडणार? सर्व्हरवर बसून 'जनरल' सेटिंगमधले दोन्ही पत्ते आयपीचे करा. पान येतं पण चित्रं आणि रंग येत नाहीत, त्याचंही कारण हेच. पत्ता वर्डप्रेसमध्ये लिहिण्यापूर्वी प्रश्न ७ प्रमाणे तो कायम करून घ्या, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेच.

एका सर्व्हरवर दोन साइट आहेत आणि आयपीवर नको ती उघडते? नावावरून ओळखता आलं नाही की अपाची यादीतली पहिली साइट देतो. दुसरीला वेगळा पोर्ट द्या.

१४. सर्व्हर व्हर्च्युअल मशीन, डॉकर किंवा डब्ल्यूएसएलमध्ये आहे.

मग अजून एक भिंत मध्ये आली. व्हर्च्युअलबॉक्समध्ये पत्ता १०.०.२.१५ दिसला तर नेटवर्क 'नॅट'वर आहे, ते 'ब्रिज्ड' करा म्हणजे मशीनला राउटरकडून स्वतःचा पत्ता मिळेल. डॉकरमध्ये पोर्ट जोडताना पुढे १२७.०.०.१ लिहिलं असेल तर काढा. डब्ल्यूएसएल २ लोकलहोस्टवर चालतं आणि बाहेरून दिसत नाही, कारण ते विंडोजच्या मागे लपलेलं असतं. विंडोज ११ च्या २२एच२ पासून 'मिरर्ड' नेटवर्किंग आहे, ते लावा. जुन्या विंडोजवर 'नेटश' कमांडने पोर्टप्रॉक्सी करावा लागतो.

१५. कधी उघडतं, कधी नाही. काहीच बदललेलं नसतं.

एकच पत्ता दोघांकडे गेला असावा. सर्व्हर पूर्ण बंद करा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून १९२.१६८.१.१० ला पिंग करा. बंद सर्व्हर उत्तर देऊ शकत नाही. उत्तर आलं तर दुसरं कुणीतरी तोच पत्ता घेऊन बसलंय. 'एआरपी -ए' त्याचा मॅक पत्ता दाखवेल. प्रिंटर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांना बसवणाऱ्याने हाताने पत्ता लावलेला असतो, आधी तेच तपासा.

१६. पान येतं पण मराठी-कन्नड नावांच्या जागी चिन्हं दिसतात.

नेटवर्क ठीक आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, पानाच्या वरच्या भागात कॅरसेट यूटीएफ-८ लिहा आणि डेटाबेसची जोडणी 'यूटीएफ८एमबी४' ठेवा. तिन्हींतली एक जरी राहिली तरी सूचीतली नावं बिघडतात. नावं नुडी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेली असतील तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात.

१७. ६००० पोर्टवर ठेवलंय, क्रोम 'अनसेफ पोर्ट' म्हणतो.

काही पोर्ट ब्राउझर स्वतःच नाकारतात, ६००० आणि ६६६५ ते ६६६९ त्यांतले. सर्व्हर किंवा फायरवॉलचा दोष नाही. ८०८० किंवा ८००० वर हलवा.

१८. हाच सर्व्हर पुण्यातून किंवा बंगळूरहून उघडता येईल का?

१९२.१६८.१.१० टाकून नाही. तो पत्ता तुमच्या भिंतीच्या आतलाच आहे. लोक राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करतात, म्हणजे बाहेरून आलेली विनंती आतल्या सर्व्हरकडे वळवतात, पण आधी राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर इंटरनेट देणाऱ्याने एक बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलाय. २०१२ पासून हा पट्टा त्यासाठीच राखलेला आहे. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी बाहेरून कुणी येऊ शकत नाही. स्वतंत्र स्टॅटिक आयपी मागून घ्यावा लागतो.

बाहेरचा पत्ता खरोखर तुमचा असेल तरी चाचणी मोबाइल डेटावरून करा. घरच्या वायफायवरून स्वतःचाच बाहेरचा पत्ता उघडायला अनेक राउटर नकार देतात, आणि चालू असलेली गोष्ट बंद वाटते.

खरं तर झॅम्पचा सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवूच नये, तो त्यासाठी बनलेला नाही. एकदोन माणसांनाच बाहेरून लागत असेल तर वायरगार्डवर आधारलेला खासगी व्हीपीएन वापरा. त्यातल्या काही सेवा वाटून दिलेल्या पत्त्यावरही चालतात, आणि पोर्ट कुणाला उघडा करावा लागत नाही.